प्रोग्रॅमिंगच्या परीक्षा आणि मार्क : तुमचे अनुभव लिहा

पानगळ
काल रात्री भाच्याने निकालाचा फोटो पाठवला. प्रोग्रॅमिंगचा पहिलाच कोर्स, शंभरपैकी चाळीस. बेरजा सगळ्या बरोबर होत्या. फक्त आउटपुटमध्ये जिथे कोलन हवा होता तिथे त्याने बरोबरचं चिन्ह छापलं, आणि तपासायला माणूस नव्हता, ऑटोग्रेडर होता, म्हणजे आपोआप मार्क देणारा प्रोग्रॅम. पोरगं रडवेलं झालं होतं.

त्यावरून आमची प्रॅक्टिकलची परीक्षा आठवली. लिंक्ड लिस्ट आली होती, म्हणजे एकेक नोड पुढच्या नोडला जोडलेली यादी. इन्सर्ट झालं, डिस्प्ले झालं, डिलीट लिहीत असताना वेळ संपली. एक्स्टर्नल बाई शेजारी येऊन बसल्या. रन करायला सांगितलंच नाही, वरपासून खालपर्यंत सगळा प्रोग्रॅम वाचला. मग एक कागद पुढे सरकवला. "उरलेलं कसं करणार होतीस ते काढून दाखव." मी चौकोन काढले, बाण काढले, मागच्या नोडचा बाण पुढच्याकडे वळवला. "पहिलाच नोड काढायचा असेल तर?" मग हेड, म्हणजे यादीची सुरुवात, हलवावं लागेल. "आणि मोकळ्या झालेल्या नोडची मेमरी?" फ्री करायची, पण बाण वळवून झाल्यावर. बाई उठल्या. मार्क छान मिळाले, पण त्याहून जास्त लक्षात राहिलं ते हे, की मी लिहिलेलं कुणीतरी बसून वाचलं.

तुमच्याकडे काय काय झालं ते लिहा. तपासणाऱ्यांनीही लिहा.

उलटाकंस
पेपरवर कोड लिहायला लावणं!! दोन पानी प्रोग्रॅम पेनाने. मधली एक ओळ राहिली की बाण, त्या बाणावर आणखी बाण, अख्खा लूप समासात. आणि सेमीकोलन दिसला नाही म्हणून अर्धा मार्क वजा. कंपायलर जे क्षणात सांगतो त्यासाठी परीक्षेत मार्क का कापायचे, हे मला कुणी आजवर पटवून दिलेलं नाही.

आठवा_तास
उलटाकंस +१. आणि कंस कुठला कुठे बंद होतो ते पान उलटून उलटून शोधायचं.

हातची_एक
कागदाला सरसकट नावं नका ठेवू. ड्राय रन कागदावरच होतो. आम्हाला छापील कोड देऊन प्रत्येक फेरीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे तो तक्ता भरायला लावायचे. माझं लूपचं सगळं ज्ञान त्या तक्त्यांतून आलंय. २००४ साली रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतल्या विद्यार्थ्यांना असेच कोड वाचायचे प्रश्न दिले होते. कितीतरी जणांना लिहिणं सोडाच, समोरचा छोटा कोड काय करतोय तेच नीट सांगता येत नव्हतं. म्हणजे परीक्षेत "लिहा" एवढंच विचारलं तर मूल नेमकं कुठे अडलंय ते कळतच नाही. कागदावर वाचायला द्या, लिहायला मशीन द्या. माझं एवढंच म्हणणं.

घाईत_आहे
लेकीला क्लासला सोडून येते मग लिहिते, ग्रुप प्रोजेक्टबद्दल खूप बोलायचंय

कोरा_फळा
मी शिकवतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने.

पानगळताई, भाच्याला आधी सांगा की तो कोलन ही त्याच्या समजेची परीक्षा नव्हती. ऑटोग्रेडर नवीन नाही. जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी १९६० साली लिहून ठेवलंय की रेन्सेलेर पॉलिटेक्निकमध्ये ते पंचकार्डांवरचे विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमकडून तपासून घेत होते. तेव्हाही कारण हेच होतं, मुलं खूप आणि तपासणारे कमी. माझ्या वर्गात दोनशे मुलं आहेत, दर आठवड्याला असाइनमेंट. यंत्राशिवाय मला ते शक्यच नाही. पण यंत्राला काय तपासायला सांगायचं ते आम्ही शिक्षक ठरवतो आणि तिथे फार आळस होतो.

आउटपुट जसंच्या तसं अक्षर लावून ताडायचं, हा सगळ्यात सोपा मार्ग. त्यात शेवटची एक रिकामी जागाही नापास करते. दशांश अपूर्णांक तर असे ताडूच नयेत, तिथे किती फरक चालेल ते ठरवून द्यावं लागतं. आम्ही आता छापलेलं तपासण्याऐवजी फंक्शन थेट बोलावतो आणि ते काय परत देतं ते बघतो. जिथे छापणंच हवं आहे तिथे त्याची टेस्ट, म्हणजे यंत्र करणार ती तपासणी, मुलांना आधीच उघडी दिलेली असते, हवी तितक्या वेळा चालवून बघा. लपवलेल्या टेस्ट असतात त्या रिकाम्या यादीसाठी, एकच घटक असेल तेव्हासाठी, ऋण संख्यांसाठी. म्हणजे जिथे विचार लागतो तिथे.

आणखी एक, ज्याबद्दल मुलं बोलत नाहीत कारण त्यांना दिसत नाही. दहा टेस्ट, प्रत्येकीला दहा मार्क, असं असलं की एकच चूक सहा टेस्टमध्ये सापडते आणि साठ मार्क जातात. दुसऱ्याच्या दोन वेगळ्या, मोठ्या चुका दोनच टेस्टमध्ये सापडतात आणि त्याला ऐंशी मिळतात. भाच्याचं बहुतेक हेच झालंय. पुन्हा तपासायचा अर्ज त्याने जरूर करावा. भांडण म्हणून करू नये, "ही एकच चूक आहे" हे दाखवण्यासाठी करावा. मला असा अर्ज आला की मी तरी आधी टेस्ट उघडून बघतो.

पानगळ
कोरा_फळा, तुमचा प्रतिसाद तसाच्या तसा त्याला पाठवला. मनापासून धन्यवाद.

तिसरा_बाक
आम्हाला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, वर्गात दोन प्रकारची मुलं असतात, ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं आणि ज्यांना कधीच येणार नाही, मार्कांचा आलेख काढला की दोन उंटवटे दिसतात. चाचणीत मला कमी पडले. सरांनी पेपर हातात देताना नुसतं पाहिलं, त्या नजरेत मी कुठल्या उंचवट्यात आहे ते होतं. वर्ष संपल्यावर मी सांख्यिकीकडे गेले. आता रोजचं काम कोडच आहे, माझ्या कोडवर चार माणसांचं काम चालतं. पण ते वाक्य डोक्यातून जायला फार वर्षं गेली.

(उंटवटे नाही, उंचवटे. फोन आपलंच खरं करतो.)

आठवा_तास
उंटवटे राहू द्या, दोन मदारींचा उंट असतोच की. आलेखाला शोभतंय 😄

वळणवाट
तिसरा_बाक, वाचून वाईट वाटलं. आणि त्या दोन उंचवट्यांबद्दल सांगते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या कोर्सेसच्या अंतिम गुणांचे ७७८ आलेख एलिझाबेथ पॅटिट्सस आणि सहकाऱ्यांनी तपासले, २०१६ चा अभ्यास. एकापेक्षा जास्त उंचवटे निघाले फक्त ५.८ टक्क्यांत. बाकीचे साधे, एका उंचवट्याचे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या प्राध्यापकांचा जन्मजात हुशारीवर विश्वास, त्यांना संदिग्ध आलेखातही दोन उंचवटे दिसायची शक्यता जास्त. तुमच्या सरांना बहुधा तेच दिसत होतं.

अवघड मात्र सगळ्यांनाच जातं. २००१ मध्ये मायकेल मॅकक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या मुलांना सारखेच प्रोग्रॅम लिहायला दिले, सरासरी आली ११० पैकी २२.८९. पहिला कोर्स केलेली मुलं होती ती. एवढी कमी सरासरी आली की मुलांच्या आधी आपण काय शिकवतो आणि काय विचारतो ते तपासायला हवं. पहिल्या कोर्समध्ये नापास होण्याचं प्रमाण बेनेडसन आणि कॅस्परसन यांनी जगभरातून गोळा केलं होतं, २००७ मध्ये साधारण ३३ टक्के आणि २०१९ मध्ये २८. नापास झालेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही, तो आपला एकटाच कुढत बसतो.

तिसरा_बाक
वळणवाट, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. थँक्यू गं.

सुटे_धागे
मी मास्टर्स करताना टीए, म्हणजे शिकवण्यातला मदतनीस, होतो. कॉपी पकडायचं काम माझ्याकडे. मॉस नावाचं साधन वापरायचो, ॲलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये केलेलं. मुलांना वाटतं व्हेरिएबलची नावं बदलली, ओळी थोड्या हलवल्या की झालं. पण ते नावं बघतच नाही. कोडचे छोटे तुकडे करून त्यांचे ठसे घेतं आणि ठसे जुळवतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. एका असाइनमेंटमध्ये दोन मुलींचं साम्य खूप वर आलं आणि थेट शून्य द्या असा निरोप आला. मी दोघींचा कोड बसून वाचला. प्रश्न होता यादीतला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा. आठ ओळींचा प्रोग्रॅम! तो शंभर जणांनी लिहिला तरी सारखाच येणार. शिवाय त्यात निम्म्या ओळी आम्हीच दिलेल्या सांगाड्याच्या होत्या, त्या वगळायला हव्या होत्या. दोघींना वेगवेगळं बोलावून एकेक ओळ विचारली, दोघींनी स्वतःची कारणं स्वतःच्या शब्दांत सांगितली. शून्य रद्द झालं. ते साधनच सांगतं की मी फक्त साम्य दाखवतो, निर्णय माणसाने घ्यायचा. वर बसलेल्यांना तेवढं वाचायला वेळ नसतो.

उलटाकंस
सुटे_धागे, त्या दोघींच्या वतीने नमस्कार घ्या.

नवी_शाई
मी सध्या शिकतेय, दुसरं वर्ष. आमच्याकडे घरी करायच्या असाइनमेंटचे मार्क खूप कमी केलेत, कारण एआय. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं की २०२२ मध्येच एका विद्यापीठाच्या पहिल्या प्रोग्रॅमिंग कोर्सचे प्रश्न कोडेक्स या कोड लिहिणाऱ्या एआयला दिले, तर ७१ विद्यार्थ्यांबरोबर लावल्यावर ते १७ वं आलं. त्यामुळे आता दर आठवड्याला लॅबमध्ये समोर बसून छोटी चाचणी आणि शेवटी व्हायवा. मला आधी राग आला होता. पण व्हायवात सर माझ्याच कोडमध्ये एक बदल सांगतात, "आता हे चढत्याऐवजी उतरत्या क्रमाने कर, काय बदलेल?" आणि तो मला येतो!! तेव्हा जे वाटतं ते घरच्या असाइनमेंटच्या शंभरपैकी शंभरला कधी वाटलं नाही.

माझ्या मैत्रिणीला मात्र समोर कुणी बसलं की सुचत नाही. तिला सगळं येतं, मलाच तिने पॉइंटर शिकवले. तिच्यासारख्यांचं काय करायचं?

घाईत_आहे
आले. चार जणांचा ग्रुप. मी आणि अजून एक मुलगी रात्री जागून करायचो, बाकी दोघं सादरीकरणाच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून हजर. चौघांना सारखे मार्क. एवढंच असतं तरी सोडून दिलं असतं. त्यातल्या एकाला प्रश्न विचारला, त्याने "आम्ही असं केलं" म्हणून माझंच वाक्य सांगितलं, आणि शाबासकी त्याला. अजून चीड येते लिहिताना. फोन वाजतोय, आले परत

हातची_एक
घाईत_आहे, कळतंय. आमच्याकडे यावर उपाय म्हणून गिटवर, म्हणजे जिथे कोडमधल्या बदलांची नोंद राहते तिथे, कोणाचे किती कमिट (नोंदवलेले बदल) ते मोजायला लागले. मग लोक एकेक शब्द बदलून कमिट करायला लागले. शेवटी बाईंनी मोजणं बंद केलं आणि प्रत्येकाला दुसऱ्याने लिहिलेला भाग समजावून सांगायला लावला. ते खरंच चाललं, कारण त्यासाठी आधी एकमेकांशी बोलावं लागायचं.

आठवा_तास
विषयांतर होतंय पण विचारतेच. माझे यजमान निवृत्त झालेत, त्यांना प्रोग्रॅमिंग शिकायचंय. कशाने सुरुवात करावी? परीक्षेचं टेन्शन नको, बीपी आहे.

वळणवाट
पायथन. आणि त्यांना पार्सन्स कोडी द्या. सगळ्या ओळी लिहून दिलेल्या असतात, नुसत्या विस्कटलेल्या, त्या क्रमाने लावायच्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये ही कल्पना मांडली. टायपिंगचा त्रास नाही, डोकं मात्र पूर्ण लागतं. परीक्षेतही छान चालतात, क्रमाचे अर्धे मार्क देता येतात.

आठवा_तास
वा, त्यांना शब्दकोडी आवडतात, म्हणजे जमेल. धन्यवाद!

कान_देऊन
मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर काम करतो. कागदी परीक्षेच्या चर्चेत एक भर. मला लेखनिक मिळाला होता, भला माणूस, पण त्याला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. प्रत्येक कंस, प्रत्येक अंतर अक्षरशः सांगायचं. त्याच्या हातून सुटलेल्या चिन्हाचे मार्क माझे गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईंनी मला लॅपटॉप आणि जादा वेळ दिला. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ओळ किती आत सरकली आहे (पायथनमध्ये त्यावरच अर्थ ठरतो) ते बोलून किंवा सुराने ऐकू येतं, त्यामुळे पायथन मी सहज वाचतो. ज्या प्रश्नात बाण काढायचे होते तिथे त्यांनी मला शब्दांत सांगायला लावलं, कुठला नोड कुणाकडे बघतोय. प्रश्न तोच, उत्तर द्यायची वाट वेगळी. नवी_शाई, तुझ्या मैत्रिणीने मागून बघावं. लेखी स्पष्टीकरण चालेल का, किंवा ओळखीच्या टीएसमोर व्हायवा चालेल का. आपण मागितल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

नवी_शाई
कान_देऊन दादा, हे तिला उद्याच सांगते. खूप आभार.

पानगळ
किती छान लिहिताय सगळे. कोरा_फळा, दोनशे मुलांचा व्हायवा कसा घ्यायचा पण? आमच्या बाईंपुढे वीसच होतो.

कोरा_फळा
हिशेब केला तर वाटतो तेवढा भयंकर नाही. प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर हजार मिनिटं, म्हणजे सतरा तासांच्या आत. मी आणि तीन टीए मिळून चौघं, प्रत्येकाला चार-सव्वाचार तास. सेमिस्टरमधून दोनदा एवढा वेळ काढता येतो, काढायलाच हवा. अट एकच, चौघांनी आधी बसून थोड्या मुलांचे व्हायवा एकत्र घ्यायचे आणि मार्क जुळवून बघायचे. नाहीतर एका टीएकडे गेलेल्यांना सात आणि दुसऱ्याकडच्यांना नऊ.

सुटे_धागे
सर, प्रश्न काय काय विचारता? माझी धाकटी बहीण यंदा टीए झालीय, तिला हवेत.

कोरा_फळा
मूल आधी शांत व्हावं म्हणून पहिला प्रश्न नेहमी त्याच्या हातातला, "यातला कुठला भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला?" मग एका ओळीवर बोट ठेवून, ही काढली तर काय होईल. मग रिकामी यादी दिली तर हा कोड कुठपर्यंत जाईल, ते बोटाने दाखव. वेळ उरला तर एक छोटा बदल समोर करून घ्यायचा. उत्तर चुकलं तर लगेच मार्क लिहू नये, एकदा रन करून बघायला सांगावं आणि बघितल्यावर तो काय म्हणतो ते ऐकावं. बहिणीला सांगा, काही अडलं तर इथे विचार.