'कोठा' म्हणजे नुसतं जठर की आख्खं आतडं?

खानापूरवाला: एका आरोग्य शिबिरासाठी कन्नड पत्रकाचं मराठी करायलोय. त्यात आहे की गिळलेला घास नुसत्या वजनानं खाली जात नाही, नळीचे स्नायू मागनं आवळतात नि पुढनं सैल होतात म्हणून सरकतो, आडवं पडून पाणी प्यालं तरी पोटात जातंय ते त्यामुळंच. ह्याला मी 'क्रमसंकोच' लिहिलं. मावशी म्हणाल्या, हे कोण वाचणार, 'कोठा चालतो' लिही की. पण कोठा म्हणजे जठर ना? तुमच्याकडं काय म्हणत्यात?

निपाणीकर: जठर कुठलं ओ! सकाळी 'कोठा साफ झाला' म्हणतो तेव्हा मोठ्या आतड्याचंच बोलतोय की.

येळ्ळूरची लेक: मावशींचं बरोबर आहे. आयुर्वेदात कोष्ठ म्हणजे आतली सगळी पोकळी, जठराला तिथं आमाशय म्हणतात. मृदू कोठा, क्रूर कोठा हे जुलाबाचं औषध कुणाला किती लागतं त्यावरनं ठरवायचे, म्हणजे आतड्याच्या चालीचाच शब्द झाला. धान्याचा कोठा पण त्यातलाच.

टिळकवाडी: माणसं साधी म्हणून शब्द ढिला सोडायचा, हे मला पटत नाही. अन्ननलिका, जठर, मग ६ मीटरच्या आसपास लहान आतडं, दीडेक मीटर मोठं, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. जठरात मिनिटाला साधारण ३ लाटा, लहान आतड्याच्या सुरुवातीला १२ च्या आसपास. सगळ्याला कोठा म्हटलात तर सांगणार काय?

निपाणीकर: म्हाताऱ्या माणसाला लाटा मोजून काय करायचंय, जे तोंडात आहे तेच कागदावर पाहिजे. 'क्रमसंकोच' वाचून आमच्या आजीनं पत्रक घडी करून डब्यात ठेवलं असतं.

खानापूरवाला: अजून एक अडलंय. आतड्याच्या भिंतीतच नसांचं जाळं असतंय, १० कोटींच्या वर चेतापेशी. त्याला 'स्वायत्त' लिहू?

येळ्ळूरची लेक: नको, स्वायत्त चेतासंस्था म्हटलं की हृदय, घाम सगळंच आलं. १८९९ साली बेलिस आणि स्टार्लिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या बाहेरच्या नसा तोडून बघितलं, तरी मागं आवळणं पुढं सैल होणं चालूच. 'आतडं आपल्या मनानं चालतं' लिहा.

टिळकवाडी: मनानं कसं? शिवाय मेंदूतनं व्हेगस नस येते ती चाल कमीजास्त करतेच. 'मेंदूनं न सांगता पण' असं पाहिजे.

शहापूर पेठ: मनाचं काढलात म्हणून सांगतो, कन्नडात करुळ म्हणजे आतडं, आणि पोटच्या लेकराला 'करुळिन कुडी' म्हणतात, आतड्याचा कोंब. आपण 'आतड्याची माया' म्हणतो ते तिकडनंच आलंय.

टिळकवाडी: काहीतरीच. आतडं संस्कृत अंत्रावरनं आलंय.

शहापूर पेठ: शब्द संस्कृत असू दे की, माया कुठनं आली ते सांगा. माझी आई दोन्ही भाषांत पोटाला हात लावूनच बोलायची.

निपाणीकर: माया सगळीकडं पोटातच असते, त्याला कन्नड मराठी काय. आणि पोटात कावळे ओरडतात ते काय आहे? नुसती भूक?

येळ्ळूरची लेक: उपाशी असताना दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट जठरापासनं लहान आतड्याच्या शेवटापर्यंत झाडून नेते, उरलंसुरलं अन्न, जंतू सगळं. गुडगुड बरीचशी तिचीच.

खानापूरवाला: हे पत्रकात घालतो. पण कोठा लिहू का नको?

शहापूर पेठ: आधी हे सांगा, तुमच्याकडं 'आतडी तुटली' का 'आतडं तुटलं'? आमच्याकडं माया असली की आतडं, आणि उपास घडला की आतडी.