विषय: एप्रिलात दोन दिवस बेळगाव, पाऊस येणार का?

प्रेषक: शहापूरची लेक, सध्या लीड्स

नमस्कार मंडळी,

ईस्टरची सुट्टी लागली की आम्ही चौघं भारतात येतोय, त्यातले दोनच दिवस बेळगावला मिळतायत, बाकी सगळे ह्यांच्या घरी पुण्यात. मुलांनी (१० आणि १३) माझं माहेर असं नीट बघितलेलंच नाही, आजीचं घर आणि कुंदा (आपली दुधाची मिठाई), संपलं त्यांचं बेळगाव. म्हणून यावेळी गाव फिरवायचंच ठरवलंय. ह्यांनी एक्सेल शीट केलीय: पहिल्या दिवशी आरामात उठून खडेबाजार, दुपारी किल्ला, चार वाजता राजहंसगड आणि सूर्यास्त तिथंच. दुसरा दिवस गोकाकचा धबधबा. आता गोची अशी की फोनवरचं ॲप सकाळी ऊन दाखवतंय आणि रात्री बघितलं तर त्याच तारखेला ढग, वीज, ३० टक्के. आईला विचारलं तर म्हणाली "वळीव काय सांगून येतोय व्हय?" आणि फोन ठेवला. कुणी गेलंय का एवढ्यात? चौघांचे रेनकोट भरू की तारखाच बदलू?

---

प्रेषक: टिळकवाडीचा काका (इंग्लंडातनं परत आलेला, तरी ही मेल-लिस्ट न सोडलेला)

अगं पोरी, शीट छान आहे, फक्त उलटी आहे. सकाळची कामं दुपारी टाकलीयत आणि दुपारची सकाळी.

एप्रिलात बेळगावला तारीख बघायची नसते, घड्याळ बघायचं. तिकडं कसं, सकाळी सुरू झालेली भुरभुर रात्रीपर्यंत चालते आणि लोक त्यातच बागेत फिरतात (२२ वर्षं काढली मी, टोपी पूर्ण वाळलेली एकदाही आठवत नाही). वळवाचं तसं नाही. सकाळ लख्ख, गारच म्हण, आपलं गाव अडीच हजार फुटांवर आहे. अकरानंतर ऊन अंगावर येतं, दुपारी पारा ३५-३६, पान हलत नाही, आणि मग तीनच्या सुमाराला पूर्वेकडं सांब्र्याच्या अंगाला काळं उठतं. समुद्र इथनं सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच, तिकडचा दमट वारा घाट चढून येतो, आतली पठारावरची हवा कोरडी नि तापलेली, दोघांची गाठ नेमकी आपल्या डोक्यावर पडते. आधी धूळ, दारं आपटतात, लाईट जाते, अर्धा-पाऊण तास धो धो, आणि साडेपाचला परत ऊन, जसं काही झालंच नाही. कधी चार दिवस ओळीनं, कधी पंधरा दिवस थेंब नाही. पडला तरी टिळकवाडीत पडेल आणि विमानतळावर कोरडं ठणठणीत असेल, त्यामुळे तुझ्या त्या ३० टक्क्यांचं लोणचं घाल.

राजहंसगडाचं चार वाजताचं मात्र आधी खोड. गेल्या वर्षी पाहुणे आले म्हणून मीच घेऊन गेलो होतो, तीच वेळ. वर पोचलो तेव्हा ऊन होतं, नातीनं द्रोणातली करवंदं संपवेपर्यंत आभाळ निळं-काळं झालं. तिचे केस कानाजवळ एकेक करून उभे राहायला लागले. ती हसत होती, मी नाही. केस उभे राहणं म्हणजे वीज जवळपास उतरायच्या बेतात आहे, एवढं मला माहीत होतं, म्हणून सगळ्यांना ओढत गाडीत कोंबलं. दार लावलं आणि गारा सुरू, आवळ्याएवढ्या, टपावर असा आवाज की आत बोललेलं ऐकू येईना. माझी एक चप्पल वरच राहिली. तेव्हापासून दामिनी ॲप ठेवलंय, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलंय, आपल्या आसपास २०-४० किलोमीटरमध्ये वीज असली तर कळवतं. ते घाल फोनमध्ये, बाकी हवामानाचं ॲप बघितलं नाहीस तरी चालतंय.

तर साडेसहाला उठवा पोरांना. किल्ला सकाळीच. खंदक बघायचा, आत कमल बस्ती हे जैन मंदिर, १२०४ सालातलं, तिथं मुलांना छताखाली उभं करून वर बघायला सांग, दगडाचं कमळ खाली लोंबतंय. रामकृष्ण आश्रमही तिथंच, विवेकानंद १८९२ ला बेळगावात राहिले होते. दुपारी टिळकवाडीत वीरसौध, काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन आपल्याकडं झालं आणि गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथंच, हे थोरल्याला ऐकू दे. खडेबाजार तीननंतर, पावलापावलाला दुकानाचं छप्पर मिळतंय. आणि रिक्षावाल्याला कुठला खडेबाजार ते सांग, शहापूरचा वेगळा, तुला माहीत आहे पण जावईबापूंना नाही.

---

प्रेषक: यळ्ळूरचा भाऊ, बर्मिंगहॅम

काकांना एक सांगतो, गड काढू नका, पहाटे न्या. सहाला वर, आठला खाली, त्या वेळी वीज-बीज सहसा नसते. वरनं आमचं सगळं शिवार दिसतंय. एप्रिलात हिरवं काही नसणार, भाताची रानं उघडी पडलेली असतात, पण तेच दाखवा पोरांना.

आणि ताई, गोकाक नको गं. जायला साठेक किलोमीटर, एप्रिलात घटप्रभेला पाणी कुठलं, ५२ मीटरचा नुसता काळा कातळ बघून मुलं विचारतील फॉल कुठाय. झुलता पूल आहे, बरोबर, पण पुलासाठी एवढं ऊन? धबधबा जुलै-ऑगस्टचा. त्यापेक्षा सकाळी सातला निघून हलशी करा, कदंबांच्या वेळचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, खानापूरच्या बाजूला, रस्त्यानं फणस-काजू दिसतील. बारापर्यंत आजीच्या घरी जेवायला परत.

एक गंमत सांगतो. तुम्ही सगळे पाऊस येऊ नये म्हणून बसलायसा आणि आमचे तात्या रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून पूर्वेला बघत बसतात. एक चांगला वळीव झाल्याशिवाय रान नांगरायला येत नाही, ढेकूळ फुटतच नाही, आणि मे अखेरची धूळवाफ पेरणी (कोरड्या मातीतच भात पेरायचा ती) सगळी त्यावर. परवा फोनवर म्हटलं ताईची ट्रीप आहे, तिचे दोन दिवस तरी सोडा. म्हणाले, "तिला सांग, गारा सोडून काय पण पडूदे." गारा का नको, तर बांधावर दोन आंबे आहेत.

---

प्रेषक: शहापूरची लेक

काका, दादा, दोघांनाही थँक्यू. शीट उलटी केली. ह्यांनी आता तीन ते साडेपाचचा रकाना पिवळा करून त्यात "वळीव किंवा खडेबाजार" लिहिलंय, गोकाक लाल केलंय. गड पहाटे म्हटल्यावर धाकटी आत्तापासून रुसलीय. पुण्याहून वंदे भारतनं यायचं बघतोय, २०२४ पासून बेळगावला थांबते, पण रोज नसते म्हणून तारीख तिच्यावर बसवावी लागणार. रेनकोटाचं मात्र राहिलंच.

आणि तात्यांना सांगा, पहिल्या दिवशी संध्याकाळी पडला तर माझी हरकत नाही.

---

प्रेषक: टिळकवाडीचा काका

रेनकोट नको, दमट हवेत आतनं घामानं भिजशील. छत्री पण नको, वळवाच्या वाऱ्यात उलटी होते. एकेक जादा कपड्यांचा जोड आणि लवकर वाळणारी सँडल, बास. लाईट जाईल म्हणून पॉवर बँक भरून ठेव. कुंदा जायच्या दिवशी सकाळी घे, आधी घेतलास तर पुण्याला पोचत नाही, पोरं डबा पुसून ठेवतात.

चल, पूर्वेला काळं उठूलालंय, गच्चीवर कपडे आहेत, तुझी काकू हाक मारूलाली.