पुणे मनपा : नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात सूचना कशी लिहावी, म्हणजे ती परत येणार नाही?

वाटसरू यांचा प्रश्न

अंदाजपत्रकासाठी मनपा नागरिकांकडून कामं मागवते, त्यात आमच्या भागातून तीन कामं द्यायची आहेत.

१. शाळेसमोरचा साधारण ६० मीटर लांबीचा फूटपाथ. फरशा उखडल्या आहेत, चेंबरची झाकणं वर आली आहेत.
२. त्याच रस्त्यावर पुढच्या वळणाला अंधार असतो, तिथे दिवे.
३. तीन सोसायट्यांमधून जाणाऱ्या आतल्या रस्त्याचं डांबरीकरण.

अशा सूचनांवर बहुतेकदा ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ किंवा ‘मर्यादेबाहेर’ असा एका ओळीचा शेरा येतो. फॉर्ममध्ये नेमकं काय लिहायचं? आणि काम मंजूर झालंच, तर पुढे ते कुठे अडकतं?

---

मोजपट्टी

तिसरं काम आत्ताच काढून टाका. रस्ता मनपाच्या ताब्यात नसेल तर त्यावर मनपाचा पैसा खर्च करता येत नाही, मग त्यावरून पूर्ण पेठ जात-येत असो. विकास आराखड्यातला रस्ता असेल आणि जागा रीतसर ताब्यात आली असेल तरच तो विषय होतो. क्षेत्रीय कार्यालयात स.नं. (सर्व्हे नंबर) किंवा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) सांगून ‘हा रस्ता मनपाच्या ताब्यात आहे का’ एवढं आधी विचारा. जागा दुसऱ्याच सरकारी खात्याची निघण्याचे प्रकारही पुण्यात कमी नाहीत : कालव्याकाठचा पट्टा जलसंपदाचा, कात्रज-देहूरोड बाह्यवळण महामार्ग प्राधिकरणाचं, आणि कॅन्टोन्मेंटची हद्द तर रस्त्याच्या एका बाजूला संपून दुसऱ्या बाजूला मनपा सुरू होते. समोरचा फूटपाथ कॅन्टोन्मेंट बोर्डाचा असला, तर मनपाकडे दिलेली सूचना निव्वळ कागद.

आता फूटपाथ. ही योजना पुण्यात २००६ पासून आहे आणि एका कामाला ५ लाखांची मर्यादा वर्षानुवर्षे चालत आली आहे. प्रभागाची एकूण कमाल रक्कम वेगळी ठरलेली असते. ती त्या वर्षीच्या जाहीर आवाहनात बघा. आवाहन बहुतेक वेळा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतं, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात आणि संकेतस्थळावर मिळतो. क्षेत्रीय कार्यालयं १५ आहेत, प्रभाग ४१. २०१७ आणि २०२५ ची प्रभाग रचना सारखी नाही, तेव्हा जुन्या पावतीवरचा प्रभाग क्रमांक उतरवून काढू नका. फॉर्म चुकीच्या टेबलावर गेला की तो परत येत नाही, नुसता तिथेच पडून राहतो. हे जास्त वाईट.

५ लाखांत जीएसटी धरूनच चाला. १८ टक्क्यांनी हिशेब केला तर कामाला प्रत्यक्षात ४,२३,७२९ रुपये उरतात. तुमचा फूटपाथ १.८ मीटर रुंद धरला तर ६० × १.८ = १०८ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३,९०० रुपये. त्यात काय काय बसवायचं आहे ते बघा : जुन्या फरशा काढणं, राडारोडा वाहून नेणं, खालचं काँक्रीट, त्यावर बारीक खडी किंवा वाळूचा थर, ६० मिमी पेव्हर ब्लॉक, कडेचे कर्ब, उतार, आणि चेंबर पातळीला आणणं. ‘फूटपाथ सुशोभीकरण’ असं लिहिलंत की याच पैशात कुंड्या आणि रेलिंग शिरतात आणि काम मर्यादेबाहेर जातं. सुशोभीकरण हा शब्दच टाळा.

माझ्या मते सूचनेचा मजकूर असा हवा :

‘अमुक रस्ता, शाळेच्या मुख्य प्रवेशद्वारापासून अमुक चौकाकडे, पूर्व बाजू, लांबी ६० मी., उपलब्ध रुंदी १.९ मी. उखडलेल्या फरशा काढून पेव्हर ब्लॉक बसवणे, ४ चेंबर पातळीला आणणे, दोन्ही टोकांना उतार करणे. जागा मनपाच्या ताब्यात. खाते : पथ विभाग.’

सोबत तीन फोटो : एका टोकाकडून, दुसऱ्या टोकाकडून, आणि सर्वात वाईट जागेचा जवळून. जवळच्या फोटोत टेप ठेवलेली दिसू द्या. कनिष्ठ अभियंता जागेवर येतो तेव्हा त्याच्याकडे अशा सूचनांची चळत असते. ज्यात जागा आणि मापं तयार आहेत त्याचं एस्टिमेट आधी बनतं. यात काही कारस्थान नाही, माणूस सोपं काम आधी उरकतो.

रुंदीबद्दल एक. रस्त्यांच्या मानकांनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी पट्टी लागते आणि उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको. मोकळी म्हणजे झाड, विजेचा डीपी बॉक्स, फलकाचा खांब वगळून. १५० मिमी उंचीला १:१२ चा उतार दिला तर त्याची लांबी १.८ मीटर होते. तेवढी जागा टोकाला नसेल तर ठेकेदार घसरगुंडी करून ठेवतो. म्हणून उतार ‘१:१२’ असा आकड्यात लिहा. आणि शाळेच्या फाटकासमोर, जिथून गाडी आत जाते, तिथे ६० नाही तर ८० मिमी ब्लॉक मागा. तिथला तुकडा पहिल्या पावसाळ्यात खचतो आणि मग सगळं काम निकृष्ट ठरतं.

---

खांब_क्रमांक

दिव्यांचं थोडक्यात सांगतो. ‘अंधार असतो’ हे लिहू नका. तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचा रस्ता निराळा.

दिवा आहे पण बंद आहे, तर ती तक्रार आहे. अंदाजपत्रकात तिचं काम नाही. खांबावर रंगवलेला क्रमांक घ्या आणि पीएमसी केअर या मनपाच्या तक्रारींच्या ॲपवर टाका.

दिवा चालू आहे पण झाडाच्या फांदीआड गेला आहे, तर काम उद्यान विभागाचं. छाटणीला त्यांची परवानगी लागते, विद्युत विभाग परस्पर फांदी तोडत नाही.

खांबच नाही, किंवा दोन खांबांमधलं अंतर फार आहे, तेव्हाच ते या योजनेचं काम. शेजारच्या दोन खांबांचे क्रमांक लिहा आणि मधलं अंतर पावलांनी नाही, टेपने मोजा. शहरातल्या रस्त्याला साधारण २५ ते ३० मीटरला एक खांब असतो. तुमच्या वळणावर अंतर ५० च्या वर निघालं तर वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

फूटपाथ आणि दिवे एका सूचनेत घालू नका. खातं निराळं, अर्थशीर्षक (अंदाजपत्रकातला खर्चाचा मथळा) निराळं, निविदा निराळी. एकत्र दिलं की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. पण एक खबरदारी : भूमिगत केबल फूटपाथखालून जाणार असेल तर दिव्यांचं काम आधी व्हायला हवं, हे दोन्ही फॉर्मवर लिहा. नाहीतर नवे ब्लॉक मार्चमध्ये बसतात आणि एप्रिलमध्ये केबलसाठी उखडले जातात.

---

सोमवारी_तीन_ते_पाच

वरच्या दोघांनी फॉर्मचं सांगितलं. अडचणीचा मोठा भाग त्यानंतरचा आहे. सूचना नाकारली जाते त्यापेक्षा मंजूर होऊन विरते जास्त.

वाट अशी आहे : क्षेत्रीय कार्यालयात छाननी, जागेची पाहणी, एस्टिमेट, प्रभागाची यादी, मग अर्थ विभाग. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीकडे जातं, तिथून मुख्य सभेकडे. सभा मंजुरी देते, १ एप्रिलला वर्ष सुरू होतं. त्या दिवसापासून तुमचं काम ‘मंजूर’ असतं, म्हणजे पुस्तकात एका ओळीला रक्कम दाखवलेली असते. एवढंच.

त्या ओळीचं अर्थशीर्षक आणि संकेतांक लिहून ठेवा. कामाच्या नावाने शोधायला गेलात तर सापडत नाही, कारण पुस्तकात नाव बदललेलं असतं. ‘अमुक शाळेसमोर फूटपाथ’ दिलेलं असतं, छापलेलं असतं ‘प्रभागात विविध ठिकाणी पदपथ दुरुस्ती’. असं नाव दिसलं तर सावध व्हा. ‘विविध ठिकाणी’मध्ये तुमचं ठिकाण असेलच असं नाही. सुधारायला सांगायची वेळ यादी अर्थ विभागाकडे जाण्याआधीची, नंतरची नव्हे.

पुढचा धोका वर्गीकरणाचा. एका कामाची रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवायची, ही पद्धत कायदेशीर आहे आणि कधी गरजेचीही असते. पण जे काम डिसेंबरपर्यंत निविदेला गेलेलं नाही, त्याची रक्कम ‘खर्च होण्याची शक्यता नाही’ म्हणून सर्वात आधी वळते. म्हणून वेळापत्रक स्वतःच्या वहीत धरा. एप्रिल-मेमध्ये एस्टिमेटला तांत्रिक मान्यता झाली का हे विचारा. पावसाळ्यात ब्लॉकचं काम होत नाही, पण निविदा निघू शकते, आणि हेच सगळे विसरतात. ऑक्टोबरमध्ये कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, हातात असेल तर काम होतं. जानेवारीत निघाला तर ३१ मार्चच्या घाईत उरकतात, आणि घाईत खालच्या काँक्रीटला पाणी मारायला कुणाला वेळ नसतो.

विचारायचं कसं? दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला खुले ठेवायची पद्धत आहे, पण मनपात ती सध्या चालू आहे का ते आधी विचारून घ्या. पुण्यात ही पद्धत आधीपासून होती, २०१८ मध्ये राज्य शासनाने ती जिल्हा पातळीवरच्या आणि महापालिका कार्यालयांसाठी घालून दिली. त्यात अर्ज न करता फाइल बघता येते. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. बघायच्या गोष्टी या क्रमाने : एस्टिमेट, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, बिल. मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी-जाडी लिहिलेली असते. ती पाहून त्याच संध्याकाळी जागेवर टेप लावा.

फाइल दाखवत नसतील तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. ‘कामाची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर उत्तरही तसंच मोघम येईल. कागदाचं नाव घेऊन प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

---

कट्ट्यावरचा

एवढा खटाटोप कशाला? नगरसेवकाला पत्र द्या, ‘स’ यादीतून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, काम होतं. पाच लाखांची अटही आड येत नाही. मार्च २०२२ पासून प्रशासक होते तेव्हा इलाज नव्हता, आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १६५ सदस्य आहेत. त्यांना कामं हवीच असतात.

---

सोमवारी_तीन_ते_पाच

होतं, नाही असं नाही. पण ‘स’ यादीतलं काम सदस्याच्या नावावर असतं. त्याने मधेच रक्कम दुसरीकडे वळवली तर तुम्ही कोणत्या कागदाच्या जोरावर विचारणार? सहभागाच्या योजनेत तुमच्या सूचनेला पोच असते, आणि नाकारली तर कारण मागता येतं. दोन्ही वाटा एकदम धरा, पण एकच काम दोन्हीकडे देऊ नका. दोन शीर्षकांखाली एकच काम दिसलं की लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो आणि दोन्ही थांबतात. फूटपाथ इकडे द्या, मोठं काही असेल ते तिकडे.

मोठ्या कामाचे पाच-पाच लाखांचे तुकडे पाडून चार जणांच्या नावाने फॉर्म भरण्याचा सल्लाही कुणीतरी देईलच. सलग रस्त्याचे तुकडे अभियंत्याच्या लगेच लक्षात येतात.

आणि नगरसेवकाकडे जायचंच असेल तर काम मागण्याऐवजी प्रभाग समितीत विषय घ्यायला सांगा. महापालिका अधिनियमाच्या कलम २९-अ प्रमाणे समितीला तिच्या हद्दीतल्या ५ लाखांपर्यंतच्या कामांना प्रशासकीय आणि आर्थिक मंजुरी देता येते, अट एवढीच की अंदाजपत्रकात तरतूद हवी. याच कलमात स्वयंसेवी आणि वस्ती पातळीवरच्या संस्थांमधून जास्तीत जास्त तीन सदस्य नेमायची सोय आहे. त्या जागांवर कोण बसतं याकडे फार कमी लोक बघतात. क्षेत्र सभांची तरतूद २००९ मध्येच कायद्यात आली, ती मात्र कागदावरच आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

---

वाटसरू

खूप कामाचं मिळालं. तिसरं काम वगळतो. एक राहिलं : फूटपाथवर दुचाकी चढतात, म्हणून बोलार्ड (गाड्या अडवायचे बुटके खांब) मागावेत का? आणि सूचना नाकारली तर लोकशाही दिनात नेता येईल?

---

मोजपट्टी

बोलार्ड मागा, पण अंतर लिहून. दोन बोलार्डमध्ये किमान १.२ मीटर हवं, नाहीतर व्हीलचेअर अडकते. आता जिथून व्हीलचेअर जाते तिथून दुचाकीही जाते, त्यामुळे बोलार्डने चारचाकी थांबेल, दुचाकी पूर्ण थांबणार नाही. दुचाकीला आवर घालायचा तर कर्ब सलग ठेवा आणि उतार फक्त दोन टोकांना. मधेमधे प्रत्येक दुकानापुढे उतार दिला की झालंच. ती मागणी दुकानदारांकडून काम चालू असताना येते आणि ठेकेदार तोंडी मान्य करतो. एस्टिमेटमध्ये उताराच्या जागा दोनच आहेत, हे त्या वेळी दाखवायला प्रत जवळ असू द्या.

---

खांब_क्रमांक

लोकशाही दिन यासाठी नाही. मनपात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि विषय वैयक्तिक स्वरूपाचा लागतो. सार्वजनिक फूटपाथ त्यात बसत नाही, अर्ज दारातूनच परत येईल. त्यापेक्षा क्षेत्रीय कार्यालयात होणाऱ्या मोहल्ला समितीच्या बैठकीला जा. तिथे पथ आणि विद्युत दोन्हींचे अभियंते एका टेबलावर असतात, केबल आधी की ब्लॉक आधी हे तिथेच ठरवून घ्या आणि इतिवृत्तात लिहायला लावा. इतिवृत्ताची प्रत पुढच्या बैठकीआधी मागून घ्या, त्या दिवशी मागितली तर ‘टाइप व्हायचंय’ असं सांगतात.