दहावी नापास भाच्याला वेल्डर म्हणून आखातात पाठवावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा भाचा खेड तालुक्यातला, वय १९. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं ते राहिलंच. शाळा सुटल्यावर लोटे परशुराम एमआयडीसीजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात हेल्पर म्हणून लागला. आधी नुसता ग्राइंडर मारायचा, आता गेट, ग्रिल, शेडच्या कैच्या स्वतः जोडतो. हजेरी ६०० रुपये.

त्याचा हात चांगला आहे, हे मी आत्या म्हणून सांगत नाही. गणपतीत गेले होते तेव्हा त्याने घराच्या मागच्या दाराला जाळीचं फाटक बसवलं. हातोडीने वरची खरपुडी झाडली आणि खालचा जोड दिसला: नाण्यांची चळत आडवी पाडावी तशी एकसारखी लहर, कुठे भोक नाही, कुठे गोळा नाही. उभा जोड मारताना माल खाली ओघळतो म्हणून बरेच जण टाळतात म्हणे. दुकानात ते काम याच्याकडे येतं.

लोट्याच्या केमिकल कंपन्यांत शटडाऊन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद) लागलं की बाहेरून पाइपवाले, आर्गनवाले (आर्गन वायू वापरून जोड मारणारे) वेल्डर येतात. त्यांची हजेरी याच्या दुपटीच्या वर, राहणं-जेवण वेगळं. त्यांच्यातले काही आखातात जाऊन आलेले. तेव्हापासून याने सौदीचं मनावर घेतलंय. ओळखीतून मुंबईचा एक एजंट मिळाला आहे. तो दीड लाख मागतो आणि म्हणतो, 'आत्ता व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिकडे पोचल्यावर कामाचा व्हिसा करून देतो.' दादा वहिनीचे दागिने गहाण ठेवायला निघालाय. मी त्याला पंधरा दिवस थांबवलंय.

'आधी बारावी तरी कर' हा सल्ला घरात रोज दिला जातो. मला तो पटत नाही. आमच्या वाडीतली बी. ए. झालेली मुलं मुंबईत बारा-बारा तास सिक्युरिटीला उभी राहतात. याच्या हातात धंदा आहे, तो वाढावा एवढंच मला हवंय. म्हणून या लायनीतल्या लोकांना विचारते: एजंटचं बोलणं खरं असू शकतं का? आणि गेट जोडणाऱ्याला पाइप वेल्डर व्हायला नेमकं काय शिकावं लागतं?

प्रतिसाद १

ताई, दागिने घरातच राहू द्या. दहावी पास नसल्यामुळे त्याचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा निघेल. त्या पासपोर्टवर सौदी, कतार, कुवेत, ओमान, यूएई अशा देशांत कामाला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. व्हिजिट व्हिसावर पाठवणं ही त्या मंजुरीतून निसटायची वाट आहे. मंजुरीत करार तपासला जातो, पगार लिहिलेला असतो, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा असतो. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या पोराकडे यातलं काहीच नसतं, आणि तिकडे काम करताना सापडला तर गुन्हेगार तोच ठरतो.

नोंदणी असलेल्या एजंटला सरकारी नियमाने जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेल्या एजंटांची यादी आहे. या माणसाचा नोंदणी क्रमांक मागा, पावती मागा. तो पुन्हा फोन करणार नाही.

प्रतिसाद २

मी पाइपलाइनवर आयुष्य काढलंय, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. गेटचा जोड वरून देखणा असला की झालं. पाइपचा जोड आतून बघतात. एक्स-रे काढतात, आणि मुळाशी माल नीट उतरला नसेल किंवा बुडबुडा राहिला असेल तर फिल्मवर लगेच दिसतं.

त्याला ६जी नावाची वेल्डिंगची पोझिशन शिकू दे. पाइप ४५ अंशात तिरका पक्का बांधलेला असतो, फिरवायचा नाही, आपणच भोवती फिरायचं. म्हणजे एकाच जोडात डोक्यावरचं, उभं, सगळं येतं. पहिला रूट पास, म्हणजे मुळाचा थर, आर्गनने, वरचे थर ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने. हा रॉड ओव्हनमध्ये तापवून कोरडाच वापरायचा. आपल्या पावसाळी हवेत उघडा पडलेला रॉड सरळ जोडाला नेऊन लावला तर जोड गेला म्हणून समजा. गेटच्या दुकानात ही शिस्त कोणी शिकवत नाही.

नुसत्या सर्टिफिकेटवर भुलू नका. चांगली कंपनी मुंबईत ट्रेड टेस्ट घेते, समोर पाइप मारायला लावते. आणि सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही तर कोडप्रमाणे (वेल्डिंगच्या नियमावलीप्रमाणे) वेल्डरची पात्रता संपते, पुन्हा टेस्ट द्यावी लागते. म्हणून कोर्स झाल्यावर लगेच पाइपच्या साइटवर लागायला हवं, मग हजेरी सुरुवातीला थोडी कमी असली तरी चालेल.

प्रतिसाद ३

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि दहावी नापासलाही प्रवेश मिळतो. त्यानंतर एखाद्या मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येईल, विद्यावेतनही मिळतं. सोबत ते दोन विषय सोडवायला सांगा, बाकीच्या विषयांना सूट मिळते का ते शाळेत विचारा. दहावी पास झाला की पासपोर्टवरचा ईसीआर काढून टाकता येतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटकडे नोंदणी क्रमांक मागितला, 'ऑफिसला या, मग दाखवतो' म्हणाला. दादाला प्रतिसाद वाचून दाखवले, दागिन्यांचा विषय बंद झालाय.

भाचा आयटीआयला तयार आहे, पण वर्षभर हजेरी बुडणार म्हणून दादा धास्तावलाय. प्रतिसाद २ वाले काका, रविवारी किंवा संध्याकाळी ६जीचा सराव करू देणारं, पाइपचे तुकडे आणि आर्गनचा खर्च धरून फी सांगणारं ठिकाण चिपळूण-रत्नागिरी भागात कुणाच्या माहितीत आहे का? की पनवेल-तळोज्यालाच जावं लागेल? आणि एक, परवा रात्रभर भाच्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं. तो साधी हातात धरायची काच वापरतो. डोक्यावरची आपोआप काळी होणारी घ्यायची तर कुठली घ्यावी?