पेवातला खून, एक कंदील, आणि "हा तर रिमेक झाला"

खणभागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. बारा मिनिटांची एक शॉर्ट फिल्म लिहिलीय, नॉयर धाटणीची, म्हणजे गुन्हा आणि गडद सावल्यांची. आता अडलोय.

गोष्ट २००४ सालची, महापुराच्या आदल्या वर्षातली. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. तो आणि मालकाची बायको मिळून मालकाला संपवायचं ठरवतात, अपघात विम्याच्या पैशांसाठी. मालकाची हळद हरिपूरला पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात आहे. पेव महिनोन्‌महिने बंद राहिलं की आतली हवा माणसाला मारते. माझे वडील बावीस वर्षं दिवाणजी होते, त्यांच्याकडून ऐकलंय: तोंड उघडून ठेवायचं, मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही.

माल ओला झालाय का ते बघायला मालक स्वतः उतरायचं म्हणतो. उतरताना विचारतो, "कंदील सोडलावता का?" दिवाणजी म्हणतो, "सोडलावता की. जळत होता चांगला."

खून म्हणून एवढंच. सुरी नाही, पिस्तूल नाही. हे एक वाक्य लिहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण मित्राने वाचून सांगितलं, हा तर 'डबल इन्डेम्निटी'चा रिमेक झाला. मग मी तो सिनेमा पाहिला. विमा, मालकाची बायको, दुसऱ्याच्या नोकरीतला माणूस, सगळं आहे त्यात. तर टाकून देऊ का ही गोष्ट? आणि ब्लॅक अँड व्हाइट करावी का? लाइट माझ्याकडे दोनच आहेत.

कृष्णाकाठ (इस्लामपूर)

टाकून देऊ नका. तुमच्या मित्राचं बरोबर आहे, पण त्याने निम्मंच सांगितलं.

बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' १९४४ चा. १९७३ मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी तो पुन्हा केला, जवळपास तीच पटकथा घेऊन, रंगीत. मी दोन्ही पाठोपाठ पाहिलेत. संवाद तेच, पण दुसऱ्यात कुणाच्या कपाळावर घाम नाही, खोलीत सावली नाही. माणसं नुसती वाक्यं म्हणून जातात. मग १९८१ चा 'बॉडी हीट' बघा. लॉरेन्स कॅस्डनने सांगाडा तोच घेतला: नवरा, बायको, तिच्या नादाला लागलेला माणूस. पण गोष्ट फ्लोरिडाच्या उकाड्यात नेली आणि विमा एजंटचा वकील केला. त्या उकाड्यात माणसं चुकतात हे पटतं. शूटिंग मात्र थंडीत झालं होतं, घाम अंगावर पाणी मारून आणला. तुम्हीही दिवाळीनंतर शूट करून मे महिना दाखवणार असाल तर हे लक्षात ठेवा.

तुम्ही पेव आणलंत, म्हणजे दुसरी वाट आधीच धरलीत. जुन्या सिनेमात नवरा रेल्वेतून पडून मेला असं भासवतात, कारण तशा अपघाताला विम्याची दुप्पट रक्कम मिळते. तुमच्याकडे रेल्वेची जागा कोंदलेल्या हवेने घेतली. आणि ती हवा हरिपुरातच भेटते, हॉलिवुडात नाही.

आता तुमच्या गोष्टीत मला काय कमी वाटतं ते सांगतो. पकडतं कोण? जुन्या सिनेमात विमा कंपनीतला कीज आहे. त्याला संशय कशावरून येतो बघा: मेलेल्या माणसाचा पाय आधी मोडला होता, तरी त्याने अपघात विम्याचा दावाच केला नाही. म्हणजे आपल्या नावावर पॉलिसी आहे हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. पुरावा म्हणजे केलेली गोष्ट नाही, न केलेली गोष्ट. तुमच्या दिवाणजीनेही एक गोष्ट केलेली नाही. त्याने कंदील सोडलेला नाही. मग दोरी बघा की! पेवात जाऊन आलेली दोरी हळदीने माखते, ओल धरते. ही दोरी कोरडी, खुंटीवर गुंडाळलेली, धूळ तशीच. पोलीस लागतच नाही. एक म्हातारा हमाल दोरी हातात घेतो, बोटं बघतो, काही न बोलता परत टांगतो.

त्या हमालाला संवाद देऊ नका, हात जोडून सांगतो.

लग्नवाला कॅमेरा (मिरज)

लाइटवर मी बोलतो, पंधरा वर्षं लग्नं शूट करतोय.

दोन लाइट भरपूर. एक बंद ठेवा. उरलेला समोरून मारू नका, मागून किंवा बाजूने मारा, कॅमेऱ्याकडे तोंड करून थोडा आडवा. हळदीच्या गोदामात पोती आपटली की धूळ उठते, तिच्यात मागचा प्रकाश आला की तिरीप दिसते. 'डबल इन्डेम्निटी'च्या कॅमेरामनने, जॉन साइट्झने, त्यासाठी हवेत ॲल्युमिनियमची भुकटी उडवली होती. तुम्हाला ते फुकट आहे. मात्र तोंडाला फडकं बांधा, लेन्स बदलताना बाहेर या, आणि जवळ उघडी ज्योत नको. हळदीची बारीक पूड हवेत उडालेली असताना पेट घेऊ शकते. पेटता कंदील आणि धूळ एकाच शॉटमध्ये हवे असतील तर कंदिलात छोटा एलईडी बसवा.

चेहऱ्याची दुसरी बाजू काळी हवी असेल तर तिकडे काळं कापड धरा. लाइट कमी करून सावली तेवढी खोल होत नाही, भिंतीवरून उजेड परत येतो.

ब्लॅक अँड व्हाइट कराच, पण शूट रंगीत करा, एडिटला रंग काढा. कारण सांगतो. साध्या पद्धतीने रंग काढला तर पिवळी हळद फिकी, जवळजवळ पांढरी दिसते. पण एडिटला निळा चॅनल, म्हणजे चित्रातला निळ्या रंगाचा भाग, वर घेतलात तर तीच हळद काळी पडते. दिवाणजीचे हात हळदीने माखलेले दाखवा आणि शेवटच्या शॉटला निळ्यावर जा. हात काळे दिसतील. चेहराही काळवंडतो आणि चित्र खरखरीत होतं, म्हणून फक्त हातांच्या शॉटपुरतंच.

खऱ्या पेवात कॅमेरा घेऊन उतरू नका, कितीही चांगला शॉट असला तरी. प्लायवूडला गोल भोक पाडा, दोन टेबलांवर ठेवा, खाली आडवं पडून वर बघत शूट करा.

साताऱ्याहून

दादा, एकच सांगते. 'इन्सॉम्निया' दोन आहेत, नॉर्वेचा १९९७ चा आणि ख्रिस्तोफर नोलनचा २००२ चा. दोन्हीत पोलिसाच्या हातून धुक्यात साथीदार मरतो आणि खोटा पुरावा तयार करायला त्याला कुत्र्याच्या अंगातली गोळी हवी असते. नॉर्वेच्या सिनेमात तो जिवंत कुत्र्याला गोळी घालतो. नोलनच्या सिनेमात कुत्रं आधीच मेलेलं असतं. तेवढ्या एका बदलाने आपण त्या माणसाला किती माफ करणार ते ठरतं. आणि दोन्ही सिनेमे रात्र न होणाऱ्या उजेडात घडतात, अंधार नसूनही जीव घुसमटतो.

तुमच्या दिवाणजीचं कुत्रं जिवंत की मेलेलं? म्हणजे मालक आत गेल्यावर तो वाकून हाक मारतो, की तिथून उठून निघून जातो?

खणभागकर (सांगली)

काका, दोरी घेतली. हमाल बोलणार नाही.

मिरजकर, तुमचं वाचून संध्याकाळी हाताला हळद लावून मोबाइलवर फोटो काढला, निळा चॅनल वर घेतला. आई मागे उभी होती. तिने स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "हे कुणाचे हात रे?" शॉट ठरला.

ताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस काढले. वडिलांना विचारलं, असा माणूस काय करेल? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो आतून हाक यायची वाट बघेल. आली तर दोरी टाकेल." म्हणजे पेवाच्या तोंडाशी तो दोरी हातात धरून बसलाय, आणि आतून काहीच येत नाही. मी लिहिलं होतं की तो निघून जातो. ते खोडलं. आणि दोरी हातात असेल तर ती खुंटीवर धूळ खात कशी, हाही पेच सुटला: ही दुसरी दोरी, जाड, पोती ओढायची. कंदिलाची बारीक दोरी तिच्या मागे खुंटीला टांगलेली दिसेल.

हरिपूर, सांगलवाडीकडे कुणाकडे जुना काचेचा कंदील असेल तर दोन दिवसांसाठी हवाय. काच फुटलेली नको.