मदत हवी आहे: पॅनिक अटॅकसाठी गोळीसोबत थेरपी
नमस्कार मंडळी, आम्ही घाटंजीकडचे, लहान भावाले दिवाळीपासून पॅनिक अटॅक येऊन रायले, कापूस वेचता वेचता छाती धडधडते, हाताले मुंग्या अन् त्याले वाटते आता गेलोच. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. गोळीनं फरक आहे, ते बंद नाही करत, पण डॉक्टर म्हणे सोबत सीबीटी करा, म्हणजे विचार अन् वागणं बदलाची, बोलून कराची थेरपी. आता यवतमाळात मराठीतून करणारं कोणी आहे काय? 14416 वर टेली मानसले, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनले फोन लावला, फुकट आहे, चांगलं समजावलं, पण दर आठवड्याले समोर बसून बोलणारं माणूस पाहिजे ना. श्वास सावकाश सोडाचा, योगनिद्रा, हे तो करते. आई म्हणते बाहेरचं लागलं, तिले कसं समजवाव ते वेगळंच. ऑनलाइन सेशन कोणी घेतले असन तर फी अन् अनुभव सांगा, इथं रेंज स्लॅबवरच येते बाप्पा.