विदर्भाच्या उन्हाळ्यात काम आणि खेळ या दोन्हींसाठी एकच स्लिम गेमिंग लॅपटॉप: निर्णयासाठी मदत हवी आहे

वैनगंगा:

नमस्कार. मी नागपूरला स्वतंत्रपणे काम करणारी वास्तुविशारद आहे. पुढची चार-पाच वर्षे व्यवसाय आणि गेमिंग या दोन्हींसाठी एकच स्लिम लॅपटॉप पुरेल का, हे ठरवण्यासाठी येथील जाणकारांचे मत हवे आहे. दिवसभर रेव्हिट आणि ऑटोकॅडमध्ये नकाशे, अधूनमधून एन्स्केपमध्ये ग्राहकाला न बांधलेले घर फिरवून दाखवणे आणि रात्री मुलगी झोपल्यावर तास-दीड तास खेळ, असा माझ्या लॅपटॉपचा वापर असतो. सायबरपंक 2077 सारखे जड खेळ मला मनापासून आवडतात आणि ती आवड मला यंत्र निवडताना शेवटच्या क्रमांकावर टाकायची नाही. पैसे माझ्या कमाईचे आहेत आणि खर्च मोठा आहे, म्हणून दोन्ही गोष्टी नीट व्हाव्यात अशी इच्छा आहे.

इतर पर्यायांचा विचार करून झाला आहे. रेव्हिट केवळ विंडोजवर चालते, त्यामुळे मॅकबुक कितीही शांत आणि थंड राहत असला तरी तो बाद ठरतो. जाड गेमिंग लॅपटॉप सध्या वापरते आहे. तो आणि त्याचा विटेएवढा चार्जर मिळून तीन किलोंच्या पुढे जातात. माझी कामे नागपूरखेरीज वर्धा, भंडारा आणि उमरेडकडे असतात, आणि स्लॅब भरण्याच्या दिवशी ते ओझे घेऊन तात्पुरत्या जिन्यावरून वर चढणे आता नको वाटते. शिवाय त्याची बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला आहे, त्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही.

खरा प्रश्न उष्णतेचा आहे. मी पाहिलेली बहुतेक परीक्षणे वातानुकूलित खोलीत, वीस-बावीस अंशांवर केलेली असतात. आमच्याकडे एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत बाहेर पारा 42 ते 45 अंशांच्या घरात असतो आणि माझ्या कामाच्या खोलीत एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. दुपारी कूलर चालू असतानाही खोलीत तीस-बत्तीस अंश असतात आणि वीज गेली की अर्ध्या तासात छत्तीस होतात. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकांमध्ये वापरासाठी 35 अंशांपर्यंतचे तापमान योग्य असे सहसा छापलेले असते, म्हणजे मी वर्षातील दोन-अडीच महिने त्या मर्यादेच्या काठावर काम करणार आहे. दीड-पावणेदोन सेंटिमीटर जाडीच्या यंत्रात ही उष्णता कशी निभावते, हे ज्यांनी स्वतः वापरले आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे. कूलरची हवा दमट असते आणि तिच्याबरोबर बारीक धूळही येते. त्याचा पंख्यांवर आणि आतल्या भागांवर काही परिणाम होतो का, हेही कोणी सांगावे.

आतापर्यंत माझी नजर दोन यंत्रांवर स्थिरावली आहे. एक एसूसचा झेफिरस जी14, वजन दीड किलोच्या आसपास, ओलेड पडदा, आणि 2024 पासून त्याची रॅम पूर्णपणे मदरबोर्डवर सोल्डर केलेली. दुसरा लेनोवोच्या लीजन 5 मालिकेतील 15 इंची, सुमारे दोन किलोंचा, त्यात रॅम नंतर वाढवता येते. पहिला हातात घेतल्यावर सोडवत नाही आणि दुसरा अधिक शहाणपणाचा वाटतो. ओलेड पडद्याविषयी माझी शंका अशी की रेव्हिटची वरची पट्टी आणि उजवीकडची प्रोजेक्ट ब्राउझरची चौकट दिवसाचे सात-आठ तास जागची हलत नाही. त्याचे डाग पडद्यावर कायमचे राहतील का? अंदाजपत्रक दीड ते एक लाख ऐंशी हजार रुपयांचे आहे.

जुना_संगणक:

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही नेमके देण्याचा प्रयत्न करतो. स्लिम गेमिंग लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्डाच्या नावापेक्षा त्याला किती वॅट मिळतात ते आधी पाहावे. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2017 मध्ये मॅक्स-क्यू ही पातळ यंत्रांसाठीची रचना आणली, तेव्हा कमी विजेवर चालणारे कार्ड नावावरूनच ओळखू येत असे. 2021 पासून ती खूण कार्डाच्या नावातून गेली आणि आता एकच नाव फार वेगवेगळ्या ताकदीच्या यंत्रांवर लिहिलेले असते. उदाहरणार्थ, लॅपटॉपमधील आरटीएक्स 4060 हे कार्ड 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवलेले असू शकते. त्यामुळे 90 वॅटचे कार्ड आणि त्याच नावाचे पूर्ण वॅटचे कार्ड यांची तुलना दुकानातल्या पाटीवरून करता येत नाही. कंपनीच्या तांत्रिक माहितीत हा आकडा शोधावा आणि तेथे तो दिला नसेल तर ते यंत्र सोडून द्यावे.

आपल्या व्यवसायासाठी दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे, तो म्हणजे कार्डाची स्वतःची स्मृती. त्यापुढच्या पिढीतील, लॅपटॉपमधील आरटीएक्स 5060 आणि 5070 या दोन्हींना 8 जीबीच मिळते. 12 जीबी हवी असेल तर 5070 टीआयपर्यंत जावे लागते आणि आपल्या अंदाजपत्रकात ते बसणे कठीण आहे. एन्स्केपमध्ये झाडे, गवत आणि मोठ्या टेक्सचरचे फर्निचर भरलेला बंगला 8 जीबी सहज संपवतो, आणि स्मृती संपली की कार्ड कितीही वेगवान असले तरी चित्र अडखळू लागते. एक-दोन बंगल्यांची कामे असतील तर 8 जीबीत निभावेल, मोठ्या गृहसंकुलांची असतील तर आत्ताच विचार करावा. 5060 सोडून 5070 साठी वरचे पैसे मोजण्याऐवजी ते पैसे 32 जीबी रॅममध्ये घालावेत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि झेफिरस घेणार असाल तर ही रॅम खरेदीच्या वेळीच घ्यावी लागेल, कारण नंतर ती वाढवता येत नाही.

उष्णतेचे गणित सरळ आहे. पंख्याचा वेग आणि वॅट तेच ठेवले तर खोली दहा अंशांनी तापली की आतले तापमानही जवळपास तेवढेच चढते. परीक्षणात ज्या यंत्राचा प्रोसेसर 82 अंशांवर दिसतो, तो आपल्या खोलीत 92 वर जाईल, आणि 95 ते 100 च्या पट्ट्यात तो स्वतःच वेग कमी करू लागतो. त्याने यंत्र जळत नाही. मात्र ज्या वेगासाठी आपण पैसे मोजले तो एप्रिल-मेमध्ये पूर्ण मिळणार नाही, हे धरून चालावे.

सह्यभटक्या:

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि 2021 चा झेफिरस जी14 आजही रोज वापरतो. कार्यालयाचे काम आणि खेळ दोन्ही त्याच्यावरच. पुण्याचा उन्हाळा नागपूरच्या मानाने सौम्य आहे हे मान्य करून काही गोष्टी सुचवतो.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरचा बूस्ट, म्हणजे गरजेप्रमाणे वेग आपोआप वाढवणे, बंद करण्याची एक सोय असते, ती बहुतेक वेळा लपवलेली असते. एसूससाठीच्या जी-हेल्पर या मोफत साधनातून ती एका टिचकीत मिळते. बूस्ट बंद केल्यावर माझ्या यंत्रावर प्रोसेसरचे तापमान दहा अंशांहून अधिक उतरले आणि जड खेळांत फरक जवळजवळ जाणवला नाही, कारण तेथे भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर असतो. रेव्हिटचे तसे नाही. ते बऱ्याच कामांत प्रोसेसरच्या एकाच गाभ्याच्या (कोअरच्या) वेगावर अवलंबून असते, म्हणून दिवसा बूस्ट चालू आणि रात्री खेळताना बंद अशा दोन वेगळ्या मांडण्या करून ठेवाव्यात. त्याचबरोबर खेळातील फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) साठवर बांधून टाकाव्यात. पडदा 120 हर्ट्झचा आहे म्हणून 120 फ्रेम मिळवल्याच पाहिजेत असे नाही, आणि कथाप्रधान खेळात साठ फ्रेम डोळ्यांना पुरेशा सुखावह वाटतात. मुलगी शेजारी झोपलेली असेल तर पंख्यांच्या आवाजात पडणारा फरक आपल्याला पहिल्याच रात्री कळेल.

साइटवर जाण्यापूर्वी यंत्र स्लीपमध्ये न ठेवता हायबरनेट करून (उघडे काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद करून) पिशवीत घालावे. आजची विंडोज यंत्रे स्लीपमध्ये असतानाही आतून जागी होतात, आणि बंद पिशवीत तापलेला, बॅटरी संपलेला लॅपटॉप ग्राहकासमोर बाहेर काढण्याची वेळ येते. बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय दोन्ही कंपन्या देतात. सतत पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर थकते, त्यामुळे ज्या दिवशी बाहेर जायचे नाही त्या दिवशी ही मर्यादा लावून ठेवावी. साइटसाठी मोठा चार्जर नेण्याची गरज नाही. 100 वॅटचा यूएसबी-सी चार्जर नकाशांच्या कामाला पुरतो, पूर्ण ताकदीच्या खेळाला मात्र मूळ चार्जरच लागतो.

ओलेडविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. खेळासाठी तो पडदा अतिशय देखणा आहे, परंतु दिवसाचे सात-आठ तास स्थिर पट्ट्या असलेल्या कामासाठी मी स्वतः तो घेतला नसता. घ्यायचाच असेल तर घरी काम करताना साधा आयपीएस (एलसीडी प्रकारचा) मॉनिटर जोडावा, विंडोजचा टास्कबार आपोआप लपेल असे करावे आणि प्रकाश मध्यम ठेवावा.

कोरा_कागद:

माझे मत दोघांपेक्षा निराळे आहे. याच पैशांत घरी डेस्कटॉप आणि साइटसाठी एक हलका, साधा लॅपटॉप घ्यावा. डेस्कटॉपमध्ये तेच कार्ड दीडपट वॅटवर शांतपणे चालते, धूळ झटकायला झाकण उघडले की झाले आणि तीन वर्षांनी फक्त कार्ड बदलता येते. ग्राहकाकडे असताना घरच्या डेस्कटॉपला इंटरनेटवरून जोडून एन्स्केप दाखवता येते. एका यंत्रावर व्यवसाय आणि खेळ दोन्ही ठेवले की ते दुरुस्तीला गेल्यावर दोन्ही थांबतात, आणि पातळ यंत्राची दुरुस्ती म्हणजे बहुधा पूर्ण मदरबोर्ड.

वैनगंगा:

सर्वांचे मनापासून आभार. कोरा_कागद यांचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त विचारात पाडणारा वाटला, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. इंटरनेटवरून जोडणी मी करून पाहिली आहे. उमरेडच्या पुढे मोबाइलचे जाळे इतके क्षीण होते की चित्र फिरवताना ग्राहकाला चक्कर यावी, आणि घरातून फिरत असल्याचा जो विश्वास मला त्याच्या मनात निर्माण करायचा असतो तोच जातो. शिवाय दुपारी वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे, दिवे आणि राउटर चालतात. त्यावर डेस्कटॉप आणि मॉनिटरचा भार टाकला तर बॅकअप निम्म्यावर येतो. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी हा माझ्यासाठी फार मोठा आधार आहे. दुरुस्तीच्या धोक्यासाठी मी तीन वर्षांची घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी आणि अपघाती नुकसानीचे संरक्षण दोन्ही घेण्याचे ठरवले आहे, आणि जुना लॅपटॉप नवी बॅटरी घालून पर्यायी यंत्र म्हणून ठेवणार आहे. माझी जीएसटी नोंदणी आहे, त्यामुळे भरलेल्या 18 टक्क्यांपैकी व्यवसायाच्या वापरापुरते इनपुट क्रेडिट मिळेल असे सनदी लेखापालांनी सांगितले; त्या रकमेत वॉरंटीचा बराच खर्च निघावा.

आपल्या सगळ्यांच्या उत्तरांनंतर माझा कल लीजनकडे झुकला आहे. अर्धा किलो जास्त वजन सोसते, परंतु रॅम वाढवता येणे आणि थोड्या जाड शरीरात हवेला मिळणारी जागा या दोन गोष्टी नागपूरमध्ये अधिक मोलाच्या वाटतात. मात्र त्याच्याही नव्या आवृत्त्यांत ओलेड पडदा येऊ लागला आहे, त्यामुळे आयपीएस पडद्याची आवृत्ती मिळते का ते शोधते आहे. कूलरच्या दमट हवेविषयी मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.

वऱ्हाडकर:

मी अकोल्याचा, म्हणून कूलरविषयी अधिकाराने सांगू शकतो. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात कधीही ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात आणि आमच्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर पंख्यांच्या पात्यांवर आणि जाळीवर बसतो. टेबल झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे आणि खोलीची एक खिडकी उघडी असावी, म्हणजे दमट हवा कोंडत नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर खोली चांगली उतरवतो आणि थोडा दमटपणा यंत्राला बाधत नाही. जून संपता संपता हवा आधीच दमट झाली की कूलर गारवा देत नाही, नुसती ओल वाढवतो; तेव्हा त्याचे पाणी बंद करून फक्त पंखा चालू ठेवावा.

लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटे उचलली जाईल असा साधा स्टँड घ्यावा, कारण या यंत्रांत हवा खालून ओढली जाते. वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, तळाचे झाकण उघडून पंखे स्वच्छ करून घ्यावेत. वॉरंटीत असताना हे स्वतः करायचे की नाही, ते कंपनीला आधी लेखी विचारून ठेवावे. आणि खरेदी ऑनलाइन असो वा दुकानातून, परत करण्याच्या मुदतीतच भर दुपारी, कूलर बंद करून, एन्स्केपमधला आपला सर्वांत जड बंगला अर्धा तास फिरवून पाहावा.